सांधेरोपणापूर्वी हाती पडणारा कागद

ऑक्टोबर २००० मध्ये देशातील वृत्तपत्रांची पहिली पाने एका गुडघ्याने व्यापली होती. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात दाखल झाले होते. त्यांच्या डाव्या गुडघ्याचा झिजलेला सांधा काढून त्या जागी कृत्रिम सांधा बसवायचा होता आणि त्यासाठी डॉ. चित्तरंजन राणावत न्यूयॉर्कहून आले होते. पुढच्या वर्षी जूनमध्ये उजव्या गुडघ्याची पाळी आली. तोवर मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांपुरता मर्यादित असलेला ‘नी रिप्लेसमेंट’ हा शब्दप्रयोग त्यानंतर तालुक्याच्या गावीही ऐकू येऊ लागला.

राणावत यांचे वैद्यकीय शिक्षण इंदूरचे. पुढे ते अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कच्या ‘हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी’ या संस्थेत जॉन इन्सॉल हे शल्यविशारद व पीटर वॉकर हे अभियंता यांच्यासह त्यांनी ‘टोटल कॉन्डिलर’ या गुडघ्याची आखणी केली. १९७४ मध्ये तो पहिल्यांदा वापरला गेला. आज जगभर बसवल्या जाणाऱ्या बहुतेक गुडघ्यांची वंशावळ या नमुन्यापर्यंत जाऊन पोहोचते. म्हणजे पंतप्रधानांवर शस्त्रक्रिया करायला आलेला माणूस त्या यंत्राच्या जन्मदात्यांपैकीच एक होता.

बातम्यांत सांधा होता, शल्यविशारद होते. शस्त्रक्रियेआधीचे दिवस आणि रुग्णालयातील मुक्काम मात्र बातमीचा विषय होत नाही. आज सांधेरोपण ठरलेल्या रुग्णाच्या हाती एक कागद दिला जातो. दात तपासून घ्या, लघवीचा संसर्ग नाही याची खात्री करा, साखर आटोक्यात आणा, ठरलेल्या साबणाने अंघोळ करा, पायावर वस्तरा फिरवू नका, अमुक वेळेनंतर काही खाऊ नका, घरातील सतरंज्या गुंडाळून ठेवा, शक्यतो त्याच दिवशी उभे राहण्याची तयारी ठेवा. रुग्ण तो वाचून घडी घालून फाइलमध्ये ठेवतो. अनेकदा वाचतही नाही. वरवर पाहता हा कार्यालयीन उपचार वाटतो. पण कृत्रिम सांध्याच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात जे जे फसले, त्याची नोंद या कागदावर उमटलेली आहे. धातूंच्या आणि आकारांच्या प्रगतीपेक्षा हा इतिहास अधिक बोधक आहे, कारण त्यात अपयश लपवणारे आणि अपयश मोजणारे असे दोन्ही प्रकारचे लोक भेटतात.

आरंभ बर्लिनमध्ये होतो. १८९० साली थेमिस्टोक्लेस ग्लुक या शल्यविशारदाने क्षयाने सडलेला गुडघा काढून तेथे हस्तिदंताची बिजागरी बसवली. कल्पना अचाट होती. हस्तिदंत शरीरात टिकतो, हाडाशी मिळतेजुळते घेतो, हे त्याने प्राण्यांवर पाहिले होते. पहिले काही आठवडे रुग्णांचे सांधे हललेही. मग एकामागून एक ते पाझरू लागले, कारण ज्या सांध्यांत ते बसवले होते तेथे क्षयाचे जंतू आधीपासूनच ठाण मांडून होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनला आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषद भरली. रॉबर्ट कॉख यांनी क्षयावरील ‘ट्युबरक्युलिन’ची घोषणा केली ती हीच परिषद, तो उपायही पुढे फोल ठरला. ग्लुकचे वरिष्ठ एर्न्स्ट फोन बेर्गमान यांनी या सांध्यांना कडाडून विरोध केला आणि ग्लुकला माघार घ्यावी लागली. क्षयग्रस्त सांध्यात असे रोपण करू नये, असे त्याने स्वतःच नंतर लिहिले. ते शब्द मात्र फारसे कोणी वाचले नाहीत आणि हस्तिदंताची बिजागरी एक विचित्र प्रयोग म्हणून विस्मरणात गेली.

ग्लुकची चूक यांत्रिक नव्हती. शरीरात कुठेही जिवंत संसर्ग असताना निर्जीव वस्तू आत ठेवू नये, हा नियम त्याने मोडला होता, आणि तो नियम तोवर कोणाला माहीतच नव्हता. त्यामागचे गणित १९५७ साली एलेक व कोनेन या लंडनच्या संशोधकांनी मांडले. स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांच्या त्वचेत त्यांनी स्टॅफिलोकॉकस जंतू टोचले. पू होण्यासाठी दहा लाखांहून अधिक जंतू लागत. पण त्याच त्वचेत रेशमी धाग्याचा एक टाका असला, की काही शे जंतूही पुरत. निर्जीव वस्तूच्या पृष्ठभागावर रक्त पोहोचत नाही, म्हणून पांढऱ्या पेशीही पोहोचत नाहीत आणि जंतूंना तेथे आयता निवारा मिळतो. एका टाक्याने एवढा फरक पडत असेल, तर तळहाताएवढ्या धातूने काय होईल? दंतवैद्याकडे जाऊन या, लघवी तपासा, पायावरची छोटीशी जखमही दाखवा, या सूचनांचा आधार हा आहे. वस्तऱ्याने पाय भादरण्याची जुनी पद्धत याच कारणाने गेली. वस्तरा त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे शेकडो ओरखडे उठवतो आणि त्यांत जंतू वाढतात.

ग्लुकनंतर अर्धे शतक सांधा बदलण्याचे प्रयत्न तुकड्यातुकड्याने झाले. बोस्टनमध्ये मारियस स्मिथ-पीटरसन यांनी १९२३ मध्ये खुब्याच्या गोळ्यावर काचेची वाटी बसवून पाहिली, काच फुटली. पुढे १९३८ मध्ये त्यांनी कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची वाटी वापरली, ती टिकली. पॅरिसमध्ये ज्युदे बंधूंनी १९४६ मध्ये खुब्याचा गोळाच ॲक्रिलिकचा बनवला. या ॲक्रिलिकच्या गोळ्याने एका माणसाला विचारात पाडले, आणि आधुनिक सांधेरोपण तेथून सुरू होते.

तो माणूस जॉन चार्नली. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील बरी गावचा, मँचेस्टरमध्ये शिकलेला, लेथवर हात चालणारा शल्यविशारद. त्याच्याकडे ज्युदेंचा खुबा बसवलेला एक रुग्ण आला. त्याचा सांधा हालचाल केली की करकरत असे, इतका की त्याची पत्नी त्याच्याजवळ बसेनाशी झाली होती. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने हसून सोडून दिली असती अशी ही तक्रार. चार्नलीने तिच्यात भौतिकशास्त्र ऐकले. करकर म्हणजे घर्षण. घर्षण म्हणजे प्रत्येक पावलाला गोळ्याच्या दांड्यावर बसणारा पीळ. आणि तो पीळ दांडा हाडातून हळूहळू सैल करणार.

मग त्याने निसर्गाचा सांधा मोजला. कूर्चा आणि वंगणद्रव असलेल्या निरोगी सांध्याचा घर्षणांक एक शतांशाच्या आसपास भरतो, म्हणजे बर्फावर सरकणाऱ्या स्केटच्या पात्याच्या तोडीचा. धातूवर प्लॅस्टिक घासताना तो याच्या कितीतरी पट असतो. सांध्यातील वंगण कूर्चेसाठीच घडलेले असते, कृत्रिम पृष्ठभागावर त्याचा विशेष उपयोग होत नाही, असा चार्नलीचा निष्कर्ष होता. तेव्हा स्वतःच निसरडा असलेला पदार्थ हवा. शिवाय घर्षणाचा पीळ म्हणजे घर्षणांक, भार आणि गोळ्याची त्रिज्या यांचा गुणाकार. भार रुग्णाच्या वजनाने ठरतो, घर्षणांक पदार्थाने, मग शल्यविशारदाच्या हाती उरते ती त्रिज्या. नैसर्गिक गोळा ४५ ते ५० मिलिमीटर व्यासाचा असताना चार्नली उतरत उतरत २२ मिलिमीटरपर्यंत आला. सहकाऱ्यांना तो खेळण्यासारखा वाटला असणार. दांडा हाडात घट्ट बसवण्यासाठी त्याने दंतवैद्यांकडील ॲक्रिलिक सिमेंट घेतले. त्यासाठी मँचेस्टरचे दंतपदार्थतज्ज्ञ डेनिस स्मिथ यांचे साहाय्य झाले.

वाटीसाठी त्याने निवडला तो त्या काळचा सर्वांत निसरडा घन पदार्थ, टेफ्लॉन. विगनजवळचे राइटिंग्टन हे पूर्वीचे क्षयरुग्णालय हे त्याचे कार्यक्षेत्र. १९५८ पासूनच्या चार वर्षांत सुमारे तीनशे रुग्णांना टेफ्लॉनच्या वाट्या बसल्या. वर्षानुवर्षे न चाललेली माणसे काठी टाकून चालू लागली. आणि मग दोन-तीन वर्षांत गोळे वाट्यांमध्ये रुतू लागले. टेफ्लॉन निसरडा होता, पण झिजत होता, आणि झिजलेल्या कणांभोवती शरीर दह्यासारखे घट्ट पुंजके तयार करून हाड पोखरत होते. घर्षण कमी म्हणजे झीज कमी, हे गृहीतक चुकले होते. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. घर्षण हा एका क्षणाचा हिशेब आहे, झीज लक्षावधी पावलांचा, आणि एकावरून दुसऱ्याचे अनुमान काढता येत नाही.

चार्नलीने या रुग्णांची पुनःशस्त्रक्रिया स्वतः हाती घेतली. टेफ्लॉनच्या कणांचा शरीरावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी त्याने ते आपल्या मांडीत टोचून घेतले. महिने गेले तरी गाठी हाताला लागत होत्या. हे निरीक्षण त्याने १९६३ मध्ये ‘द लॅन्सेट’ला पत्र लिहून जाहीर केले.

सुटका अनपेक्षित दिशेने झाली. १९६२ मध्ये एक विक्रेता नव्या प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन राइटिंग्टनला आला. लँकेशायरच्या कापडगिरण्यांत मागांच्या सुट्या भागांसाठी ते वापरले जात होते. उच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन. चार्नलीने ते नखाने दाबून पाहिले आणि नापसंत केले. तो परदेशी परिषदेला गेलेला असताना त्याचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने कोणाला न विचारता तो तुकडा झीज मोजणाऱ्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे यंत्र अहोरात्र चालल्यावरही त्याची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेहून कमी भरली. नोव्हेंबर १९६२ मध्ये पहिली पॉलिएथिलीनची वाटी रुग्णाच्या खुब्यात बसली. या वेळी चार्नलीने घाई केली नाही. इतर शल्यविशारदांना हा सांधा विकत मिळण्यास अनेक वर्षे थांबावे लागले, तेही राइटिंग्टनला येऊन शिकल्यावर. रुग्णांकडून तो एक संमतीही घेत असे: मृत्यूनंतर सांधा तपासणीसाठी परत मिळावा.

कागदावरच्या अंघोळीचा धागाही राइटिंग्टनपर्यंत जातो. साठच्या दशकाच्या आरंभी तेथील सात ते नऊ टक्के खुब्यांत जंतुसंसर्ग होत असे. पोटाच्या शस्त्रक्रियेत हे प्रमाण कोणी मनावर घेतले नसते. सांध्यात त्याचा अर्थ धातू काढून टाकणे आणि रुग्णाला पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेत घरी पाठवणे. चार्नलीचा संशय हवेवर होता. माणसाच्या त्वचेचे सूक्ष्म खवले सतत झडत असतात आणि त्यांतल्या काहींवर जंतू बसलेले असतात. दहा मायक्रोमीटरचा कण स्थिर हवेत सेकंदाला जेमतेम तीन मिलिमीटर खाली येतो. म्हणजे शल्यविशारदाच्या मानेवरून निघालेला खवला मीटरभर खालच्या जखमेवर पोहोचायला पाच-सहा मिनिटे घेतो. खोलीत कोणी दार उघडले, चालले, बोलले की तो पुन्हा वर उचलला जातो. शस्त्रक्रिया तास-दीड तास चालते. चार्नलीने बिअरच्या कारखान्यांसाठी हवा गाळणाऱ्या एका अभियंत्याला गाठले आणि शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती काचगृहासारखी बंदिस्त खोली उभी केली. वरून गाळलेली हवा सतत खाली ढकलली जाई आणि शल्यविशारदांचा श्वास नळीने बाहेर ओढला जाई. पुढच्या दहा वर्षांत संसर्ग एक टक्क्याच्या आसपास उतरला.

त्या दहा वर्षांत हातमोजे, अंगरखे, टाके घालण्याची पद्धत असे बरेच काही बदलले होते, त्यामुळे श्रेय हवेचे की इतर गोष्टींचे हा वाद राहिला. ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत आठ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांची तुलना झाली. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार साध्या हवेत संसर्ग १.५ टक्के होता, अतिस्वच्छ हवेत ०.६ टक्के. प्रश्न मिटला असे वाटले. पण पुढे न्यूझीलंडच्या राष्ट्रीय सांधेनोंदणीत असा लाभ दिसेना, आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांधेरोपणासाठी अशी ‘लॅमिनार’ हवायोजना वापरू नये, अशी सशर्त शिफारस केली. आपल्याकडील रुग्णालयांच्या जाहिरातींत हा शब्द आजही ठळक अक्षरांत असतो. रुग्णाने त्यावर निवड करण्याचे कारण नाही.

हवेच्या वादात जे निर्विवाद टिकले ते साधे होते. एक, प्रतिजैविकाची वेळ. बोस्टनच्या जॉन बर्क यांनी १९६१ मध्ये गिनीपिगवर दाखवले की औषध जंतूंच्या आधी किंवा त्यांच्याबरोबर ऊतींत असेल तरच ते काम करते. तीन तास उशीर झाला तर दिले न दिले सारखेच. माणसांतला पुरावा १९९२ मध्ये अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीहून आला. २,८४७ रुग्णांपैकी ज्यांना चीर देण्यापूर्वीच्या दोन तासांत औषध मिळाले त्यांच्यात संसर्ग ०.६ टक्के होता. त्याहून लवकर दिलेल्यांत ३.८ टक्के. आज ही मुदत सामान्यतः तासाभराची धरतात. शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी परिचारिका इंजेक्शनसाठी घड्याळ पाहते, ते यासाठी. पाच-सात दिवस गोळ्या देण्याची आपल्याकडील हौस मात्र या पुराव्यात कुठेही बसत नाही.

दुसरी गोष्ट रुग्णाच्या स्वतःच्या नाकात असते. निरोगी माणसांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शाच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस वस्ती करून असतो. २०१० मध्ये नेदरलँड्समधील एका चाचणीत अशा वाहकांना शस्त्रक्रियेच्या सुमारास नाकात मलम आणि क्लोरहेक्सिडिन साबणाची अंघोळ दिली गेली. त्या जंतूचा संसर्ग ७.७ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आला. चार्नलीने काचगृह बांधून जे बाहेर ठेवले, त्याचा एक मोठा हिस्सा रुग्ण स्वतःबरोबर घेऊन येतो.

उपाशीपोटी राहण्याची सूचना १९४६ सालची म्हणता येईल. न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेल्सन यांनी भुलीखाली पोटातील अन्न फुफ्फुसात गेल्याने होणारा घात प्रसूत स्त्रियांमध्ये वर्णिला आणि मध्यरात्रीनंतर सर्व बंद हा दंडक रूढ झाला. आता साधे पाणी दोन तास आधीपर्यंत बहुतेकांना चालते. पण जुन्या सवयीने अनेक रुग्ण सकाळी अकराच्या शस्त्रक्रियेसाठी आदल्या रात्रीपासून कोरडे असतात. रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड जपानच्या उताको व शोसुके ओकामोतो या दांपत्याने पॉलिएथिलीनच्या वाटीच्याच वर्षी, १९६२ मध्ये जगासमोर आणले. सांधेरोपणात ते रुळायला मात्र कित्येक दशके लागली.

पायावर पेनाने खूण करतात तेव्हा काही रुग्णांना तो पोरखेळ वाटतो. पाच माणसे पाच वेळा नाव आणि बाजू विचारतात, त्याचाही कंटाळा येतो. चुकीच्या पायावर शस्त्रक्रिया झाल्याच्या प्रकारांनंतर अमेरिकेच्या अस्थिशल्यविशारदांनी १९९८ मध्ये सही करण्याची ही मोहीम काढली. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेची तपासयादी आणली. ती ज्या आठ शहरांत पारखली गेली त्यांत नवी दिल्ली होती. आठही ठिकाणचे मिळून मृत्यूचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. एक कागद मोठ्याने वाचणे एवढेच.

मुक्कामाचा इतिहास याहून उलटसुलट आहे. चार्नलीच्या काळी खुब्याचा रुग्ण आठवडेच्या आठवडे खाटेवर असे. अंथरूण हाच उपचार अशी समजूत होती. १९४७ मध्ये लंडनच्या रिचर्ड अॅशर यांनी अंथरुणाचे धोके एका गाजलेल्या लेखात मोजून दाखवले: पोटऱ्यांत रक्ताच्या गुठळ्या, फुफ्फुसात साचणारे पाणी, झिजणारे स्नायू, पाठीवरचे व्रण. सांधेरोपणानंतर पोटरीतील गुठळी फुफ्फुसात जाऊन होणारा मृत्यू हे चार्नलीचेही मोठे दुःस्वप्न होते. तरीही मुक्काम खऱ्या अर्थाने आखडला तो नव्वदच्या दशकानंतर. कोपनहेगनच्या हेन्रिक केलेट यांनी विचारले की रुग्ण आज रुग्णालयात का आहे, त्याचे नेमके कारण सांगा. वेदना? मग वेगवेगळ्या मार्गांनी वेदना शमवणारी औषधे एकत्र द्या आणि अफूजन्य औषधे कमी करा. मळमळ? नळ्या? भीती? प्रत्येक कारण वेगळे काढून मिटवायचे. डेन्मार्कमध्ये २००० च्या सुमारास दहा-अकरा दिवस असलेला सरासरी मुक्काम २००९ पर्यंत चार दिवसांवर आला. या पद्धतीत शस्त्रक्रियेपूर्वीचा वर्ग महत्त्वाचा असतो. कुबडी कशी धरायची, जिना चढताना कोणता पाय आधी, हे रुग्णाने दुखत नसताना शिकायचे असते.

मात्र दिवस कमी होणे म्हणजेच सुधारणा, असे नाही. अमेरिकेतील वयोवृद्धांच्या सरकारी विम्याच्या नोंदींत खुबारोपणाचा मुक्काम १९९१-९२ मधील ९.१ दिवसांवरून २००७-०८ मध्ये ३.७ दिवसांवर आला, आणि तीस दिवसांत पुन्हा दाखल होणाऱ्यांचे प्रमाण ५.९ वरून ८.५ टक्क्यांवर गेले. विमा कंपनीच्या दडपणाने लवकर घरी पाठवणे आणि केलेट यांच्या तयारीने लवकर घरी पाठवणे यांत फरक आहे. बिलावर तो दिसत नाही.

सतरंज्या गुंडाळून ठेवण्याच्या सूचनेमागे पुन्हा बर्लिन आहे, आणि योगायोगाने पुन्हा एक बेर्गमान. गेऑर्ग बेर्गमान या अभियंत्याने कृत्रिम खुब्यातच बलमापक आणि लहानसा प्रक्षेपक बसवला आणि चालत्याबोलत्या रुग्णांच्या सांध्यावरचा भार बाहेर ऐकला. सपाट जमिनीवर सावकाश चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट बल येते. ठेच लागून सावरताना मोजलेले बल आठ पटींच्या वर गेले. साठ किलोच्या माणसाच्या खुब्यावर क्षणभर जवळजवळ अर्धा टन. सावरला नाही तर कृत्रिम दांड्याभोवतीचे हाडच मोडते. न्हाणीघरातील ओली फरशी, दारातले पायपुसणे, अंधारातला उंबरा यांची पाहणी शस्त्रक्रियेआधी व्हावी ती म्हणून. जमिनीवर मांडी घालणे आणि उकिडवे बसणे हा आपल्याकडचा वेगळा प्रश्न. चार्नलीच्या लँकेशायरमध्ये तो कोणी विचारला नव्हता. छोट्या गोळ्याचा पीळ कमी, पण खोल वाकल्यावर तो वाटीबाहेर निसटण्याची शक्यता अधिक.

भारतात या साऱ्याला किमतीची बाजू आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांवर किमतीची मर्यादा घातली. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा दीड लाखाहून अधिक रुपयांना विकला जात होता; तो कर वगळून ५४,७२० रुपयांवर आला. निर्णय मोलाचा होता. पण सांध्याची किंमत नियंत्रित झाली तरी तो कोणाला बसला, कधी बसला आणि दहा वर्षांनी त्याचे काय झाले, हे नोंदवण्याची सक्ती आली नाही.

ती नसल्याचे परिणाम देशाने पाहिले आहेत. डीप्यू कंपनीचा ‘एएसआर’ हा खुबा धातूवर धातू घासणारा होता. गोळा मोठा, वाटी उथळ. एकूण झीज थोडी, पण कण अतिसूक्ष्म आणि त्यांतून रक्तात उतरणारे कोबाल्ट व क्रोमियम. ऑस्ट्रेलियात १९९९ पासून राष्ट्रीय सांधेनोंदणी आहे. या खुब्याच्या पुनःशस्त्रक्रिया इतरांपेक्षा अधिक होत असल्याचे तिच्या तक्त्यांत दिसले आणि २००९ च्या अखेरीस तेथे तो मागे घेतला गेला. जगभरातून परत बोलावण्याची घोषणा ऑगस्ट २०१० मध्ये झाली. भारतात तोवर सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला तेव्हा मदतकेंद्रापर्यंत पोहोचलेल्या रुग्णांची संख्या होती सुमारे १,०८०. उरलेल्या साडेतीन हजारांच्या शरीरात तो सांधा होता की काढला गेला होता, ते हयात होते की नव्हते, हे सांगणारी वही देशात कुठेच नव्हती. भरपाईचे सूत्र ठरले, रकमा ठरल्या, पत्ते सापडेनात.

स्वीडनने गुडघ्यांची अशी वही १९७५ मध्ये उघडली, खुब्यांची १९७९ मध्ये. भारतात खुबा व गुडघा शल्यविशारदांच्या संघटनेची नोंदणी आहे, पण ती स्वेच्छेवर चालते. उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला. त्यालाही कोणीतरी कळवावे लागते.

शस्त्रक्रियागृहात सांध्याचे खोके उघडतात तेव्हा त्यातून लहान चिकटपट्ट्या निघतात. त्यांवर निर्मात्याचे नाव, सांध्याचा आकार आणि तुकडीचा क्रमांक छापलेला असतो. एक रुग्णालयाच्या दप्तरात चिकटवतात, एक रुग्णाच्या कागदपत्रांत चिकटवता येते. घरी जाण्याच्या दिवशी बिलांच्या चळतीत ती आहे की नाही, हे बहुतेक नातेवाईक पाहत नाहीत. पाहिलेच आणि नसली, तर ती मागून घेता येते. पंधरा वर्षांनी गुडघा सैल झाला आणि दुसऱ्या शहरातील शल्यविशारदाने आत काय आहे असे विचारले, तर उत्तर त्या दोन बोटे रुंदीच्या कागदावर असते.